मुळातसाहेब

चर्चमध्ये शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता आमचे पाळकसाहेब मध्येच थांबत. चष्मा कपाळावर सरकवत, दोन बोटांनी डोळे चोळत आणि म्हणत, "हे मुळात असं नाही." पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या चुळबुळ करू लागत. कुणाचं तरी लेकरू भोकाड पसरे. साहेब मात्र तेव्हा पालघरात नसतच. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मठात प्रत उतरवून घेणाऱ्या एखाद्या लेखनिकाच्या खांद्यावरून ते डोकावत असत. "इथं त्याचं लक्ष उडालं," असं म्हणत. किंवा, "इथं त्याला वाटलं, लोकांना कळायचं नाही, जरा समजावून सांगू या. सांगितलं बिचाऱ्यानं." असा त्या मेलेल्या माणसाचा निवाडा झाला की मग पुढचं वचन. त्यांना नाव पडलं मुळातसाहेब. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना आवडलंही असावं.

मी देशावरून मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. उंच, खांद्यात वाकलेले. काळ्या कोटाचं अस्तर खालून लोंबत असे. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलवरून उमरोळी, शिरगाव, कोळगाव अशा गावांना प्रार्थनेसाठी जायचे. सायकलच्या मागे मेणकापडात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक बांधलेलं असे. तो ग्रीक नवा करार. पानाच्या वरच्या भागात वचनं आणि खाली बारीक टाइपात, कोणत्या जुन्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा आहे त्याच्या टिपा. शिरगावच्या वाऱ्यानं पुठ्ठा फुगला होता. "मीठ पुस्तकाला खातं, बाई," ते मला म्हणायचे. "माणसालाही खातं, पण पुस्तकाला आधी."

एकदा त्यांनी माझ्या चौथीच्या वर्गावर एक प्रयोग केला. पहिल्या मुलाला कागदावर एक वाक्य लिहून दिलं: शिरगावच्या किल्ल्याजवळ समुद्र आहे. त्यानं ते बघून लिहायचं, मूळ कागद खिशात घालायचा आणि आपली प्रत दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटच्या बाकावरून कागद परत आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं: शिरगावच्या मोठ्या किल्ल्याजवळ खोल समुद्र आहे, तिथं जाऊ नये. वर्ग हसून लोळला. साहेब हसले नाहीत. "कुणी खोटं लिहिलं का?" त्यांनी विचारलं. "नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण जरा बरं करतोय. आता मला सांगा, ह्यातलं मी कुठलं लिहिलं होतं ते कसं शोधाल?" मुलं कागद गोळा करून उलट्या क्रमानं लावायला लागली. त्या तासाभरात मला जे कळलं, ते चर्चमधल्या कुणाला दहा वर्षांत कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे ग्रीक अक्षरं गिरवायला जाऊ लागले. पाळकीणबाई चहा आणून ठेवत आणि म्हणत, "शिका, शिका. ह्यांना कालवण वाढलं तरी विचारतात, मुळात मासा कोणता होता." साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांना मूल नव्हतं. घरात दोन खुर्च्या, एक बाज आणि भिंतभर पुस्तकं. सगळा ओलावा पुस्तकांनी पिऊन घेतल्यासारखं ते घर कोरडं वाटे, पण पाळकीणबाई बोलायला लागल्या की तसं वाटत नसे.

"आपलं मराठी शास्त्र म्हणजे ओंजळीतून ओंजळीत आलेलं पाणी," ते सांगायचे. "पाणी तेच. पण हात किती लागले ते विचारायला नको? प्रभूचं म्हणून मी लोकांना काही सांगणार, तर ते त्याचंच असायला हवं. माझं नको, आणि त्या लेखनिकाचंही नको." ह्यात त्यांना काहीही वाईट दिसत नसे. ऐकणाऱ्याला काय होतं, हे त्यांना खरोखर कळत नसे. त्यांच्यावर माझा जीव होता तरी हे मला सांगितलंच पाहिजे.

थोरल्या मास्तरांचंच बघा. आमच्या शाळेचे हे माजी मुख्याध्यापक मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत सगळ्यांत वडील होते. त्यांची आई अंगावरून वारं जाऊन कित्येक वर्षं अंथरुणाला खिळली होती. मास्तर तिला रोज योहानाच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट वाचून दाखवत. एका तळ्याकाठी आजारी माणसं पडलेली असतात, मधूनमधून देवदूत येऊन पाणी हलवतो, आणि त्या पाण्यात पहिला उतरेल तो बरा होतो. म्हातारी सकाळी डोळे उघडले की विचारायची, "आज पाणी हललं का रे?" मास्तर म्हणायचे, "अजून नाही, आई. उद्या हलेल." ती गेली तेव्हा तिच्या कबरीच्या दगडावर देवदूताची तीच ओळ कोरायची, असं त्यांनी ठरवलं. पाथरवट बोलावला. साहेबांना दाखवायला म्हणून ओळ कागदावर लिहून आणली.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा वर केला. "मास्तर, दुसरं एखादं वचन घ्या," ते म्हणाले. "तळं आहे, आजारी माणसं आहेत. पण देवदूताची ही ओळ जुन्या प्रतींत नाही. मागाहून कुणीतरी समासात लिहिली असावी, ती आत शिरली."

मास्तर उभेच होते. पाळकीणबाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. मास्तर एवढंच म्हणाले, "ती रोज त्या ओळीवर जगली, साहेब."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणून काही ती मुळात होत नाही."

दगडावर शेवटी नुसतं नाव कोरलं गेलं. त्यानंतर मास्तर साहेबांशी मंडळीच्या कामापुरतं बोलत. पाळकीणबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही, पण पुढे कितीतरी दिवस त्या घरात चहा मुकाट्यानं मिळायचा.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात सुरू झालं, तशी बोईसरच्या बाजूला माणसांची रीघ लागली. साहेब लोक आले, ठेकेदार आले, हिंदी बोलणारे कारागीर आले. आमच्या मंडळीतल्या पुरुषांना कामं मिळाली. डोंगरातल्या मुलींना बंगल्यांवर मुलं सांभाळायची नोकरी मिळू लागली. आमच्या वसतिगृहात वाढलेली सगुणा अशीच एका बंगल्यावर गेली. थोरल्या मास्तरांनीच शब्द टाकून तिला तिथं लावून दिलं होतं. तिचे आईबाप वारली जमातीचे, पूर्वेकडच्या एका पाड्यावरचे. पाऊसपाण्यावर पिकेल तेवढं भात, आणि ते संपलं की वीटभट्टीवर. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांच्या पाड्यानं त्यांच्याशी रोटीबेटी तोडली होती. सगुणा मात्र फार हसरी. सातवीत माझ्या हाताखाली होती. गणितात कच्ची, पण गाण्याचा गळा असा की उपासनेत तिचा आवाज लागला की पेटीवाला आपली पेटी हळू करी.

वर्षाच्या आत ती परत आली. बंगल्याचं कुटुंब बदलून गेलं, असं म्हणाली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मदतीला राहिली. काही आठवड्यांत सगळ्यांना दिसायचं ते दिसू लागलं. मी तिला एकीकडे घेऊन विचारलं, "सगुणा, कोण तो?"

"डंपर चालवायचा, बाय. आता तो नाय हितं. दुसरीकडं काम लागलंय त्याला."

"येणार आहे का परत?"

"येतू बोलला व्हता." मग खाली बघून म्हणाली, "मना ठाव नाय."

पंचांनी रविवारच्या उपासनेनंतर मंडळीची सभा लावली. ठराव असा की सगुणाचं नाव मंडळीतून काढावं आणि तिनं वसतिगृह सोडावं. ऐकायला हे कागदावरचं वाटतं. पण आईबाप भट्टीवर, पाड्यानं टाकलेलं. मंडळीनंही टाकलं की त्या पोरीला पाठ टेकायला जागा नव्हती. शिवाय मंडळीत नाव नाही त्याला आमच्या दफनभूमीत माती मिळत नसे.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सगुणाला पुढं, बाकांच्या कडेला उभं केलं होतं. तिनं पदर ओढून पोट झाकलं होतं. एका पंचानं वसतिगृहातल्या इतर मुलींचं काय, मिशनच्या नावाचं काय, असं बरंच सांगितलं. पुरुष कोण, हे कुणी विचारलं नाही.

मग साहेब उठले. त्यांनी मराठी शास्त्र उघडलं, पण वाचलं नाही. पानावर हात ठेवून ते आपल्या शब्दांत सांगू लागले. "योहानाच्या आठव्या अध्यायात एक गोष्ट आहे. अशाच एका बाईला धरून आणतात. चारचौघांत उभी करतात. पुरुषाला आणत नाहीत, तिथंही नाही. सगळ्यांच्या हातात दगड असतात. प्रभू खाली बसून बोटानं जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो..."

"पाळकसाहेब."

ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा, हे प्रभूचं पुढचं वाक्य साहेबांच्या तोंडून निघायच्या आधीच थोरले मास्तर उभे राहिले होते. आवाज चढलेला नव्हता. "एक विचारायचं आहे. ही गोष्ट मुळात आहे का?"

चर्चमध्ये बसलेल्या एकालाही ग्रीक येत नव्हतं. मला येत होतं ते अक्षरओळखीपुरतं. ते जे म्हणतील ते खरं ठरणार होतं. पाळकीणबाई माझ्या शेजारी होत्या; त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. साहेबांनी चष्मा वर केला नाही, डोळे चोळले नाहीत. ते मास्तरांकडे बघत राहिले. मग सगुणाकडे बघितलं.

"सगळ्यांत जुन्या प्रतींत नाही," ते म्हणाले.

सभेत एक सुस्कारा उठला. साहेब घाईघाईनं पुढं बोलू लागले. मी त्यांना कधी घाईनं बोलताना ऐकलं नव्हतं. "पण ऐका. नंतरच्या कितीतरी प्रतींत ती आहे. काहींत भलत्याच ठिकाणी घातलेली आहे. म्हणजे लोकांना ती टाकवेना, आणि ठेवायची कुठं तेही कळेना. मला वाटतं, ही घडलेली गोष्ट आहे. लिहायला माणसं भ्याली असतील, पण सांगायची थांबली नाहीत. मला वाटतं, ती त्याचीच आहे."

"वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"वाटतं."

"मलाही देवदूताचं वाटत होतं, साहेब."

मागून उमरोळीचा एक गवंडी ओरडला, "म्हातारीची वळ खोडलीत तुमी, आन ही ठेवायची व्हय? आमाला शिकवलंत तेच आमी बोलतो!" मग तीन-चार जण एकदम बोलू लागले. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. इतक्या रविवारी त्यांनी इतक्या ओळी आमच्या हातून काढून घेतल्या होत्या. आता एक ओळ धरून ठेवा म्हणाले, तर धरायला हात कुणाचा पुढं येणार? ठरावाला हात वर झाले. मास्तरांचा झाला की नाही ते मला गर्दीत दिसलं नाही. माझा आणि पाळकीणबाईंचा खाली होता. त्यानं काही फरक पडला नाही.

पाळकीणबाईंनी सगुणाला दंडाला धरून सरळ आपल्या घरी नेलं. पंचांनी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की पाळकाचं घर मंडळीचं आहे. साहेब त्यावर पंचांकडे भांडायला गेले. ते भांडत असतानाच सगुणा घरातून निघून गेली. पाळकीणबाई विहिरीवरून परत आल्या तर पोरीनं भांडी घासून पालथी घातलेली, अंगण झाडलेलं, आणि ती नाही. ती भट्टीवर आईबापांकडे गेल्याचं नंतर कळलं. साहेब सायकलवरून भट्ट्या धुंडाळत फिरले. सापडली तेव्हा ती विटा वाहत होती. परत यायला तयार झाली नाही. "तुमाला माज्यापायी तरास," एवढंच बोलली.

दिवस भरत आले तेव्हा आईबाप तिला पाड्याच्या कडेला असलेल्या आपल्या झोपडीत घेऊन गेले. सुईण आली. मुलगी झाली, पण सगुणाचं रक्त थांबेना. बैलगाडीत घालून पालघरच्या दवाखान्याकडे निघाले आणि वाटेतच ती गेली. गाडी मागं वळवायची तर पाड्यावर ख्रिस्ती माणसाला माती नव्हती. म्हणून बाप गाडी घेऊन आमच्या आवारात आला; सगुणाची आई बाळाला घेऊन गाडीतच होती. पंचांनी निरोप दिला, नाव काढलेलं आहे. थोरले मास्तर त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत.

साहेबांनी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, गवताच्या माळावर, जागा पाहिली. ती कुणा शेटची होती. त्यानं नाही म्हटलं नाही. सगुणाचा बाप आणि साहेब दोघांनी मिळून खणलं. कोट काढून त्यांनी कुंपणावर टाकला होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. माती टाकायच्या आधी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. नुसतं म्हणाले, "सगुणा." आणि मूठभर माती टाकली.

पाळकीणबाई त्या तान्ह्या पोरीला मागायला सगुणाच्या आईजवळ गेल्या. पदर पसरून म्हणाल्या, "मला द्या हिला. मी वाढवते. काही कमी पडू देणार नाही."

सगुणाच्या आईनं बाळ छातीशी घट्ट धरलं. रडत नव्हती ती. म्हणाली, "तुमाला एक दिलेली व्हती, बाय. आता ही नाय." आणि गाडीत जाऊन बसली.

साहेबांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या रविवारी व्यासपीठावर दुसरं कुणी उभं राहिलं आणि त्यानं शास्त्र न थांबता वाचलं. सगळ्यांना बरं वाटलं. साहेब पाळकीणबाईंच्या माहेरी देशावर जायचे होते. पुढे तिथं ते फार जगले नाहीत, आणि पुन्हा कुठल्या व्यासपीठावर चढलेही नाहीत असं ऐकलं. पण मला ते दिसतात ते निघतानाचे.

फाटकाशी टांगा उभा होता. मी आणि पाळकीणबाई वळकट्या बांधत होतो. पुस्तकांची ट्रंक साहेबांना एकट्यानं उचलेना. तेवढ्यात थोरले मास्तर आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी दुसरी कडी धरली. दोघं म्हातारे ती ट्रंक घेऊन अंगणातून चालले, मध्ये एकदा टेकवली, पुन्हा उचलली. टांग्यात चढवून झाल्यावर मास्तर धापा टाकत म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्ही 'आहे' म्हणाल असं मला वाटलं होतं."

साहेब हात झटकत होते. ते थांबले.

"तुम्ही 'आहे' म्हणाला असता, तर मी खाली बसणार होतो," मास्तर म्हणाले. "दुसरं कुणी उठलं असतं तर त्यालाही बसवलं असतं. पोरीला घालवायला मी उठलो नव्हतो. तुमच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, मला ते ऐकायचं होतं."

"मला कळलं होतं, मास्तर."

"कळलं होतं?"

"तुमच्या तोंडाकडे बघितल्याबरोबर कळलं." साहेबांचा आवाज अगदी खाली गेला होता. "शब्द जिभेवर आला होता. पोर माझ्याकडे बघत होती. एक शब्द फक्त. आणि मी दुसराच बोललो."

मास्तरांनी हात पुढं केला की साहेबांनी, ते मला आठवत नाही. दोघांचे हात क्षणभर एकमेकांत होते. मग साहेब टांग्यात चढले. पाळकीणबाईंनी मला जवळ घेतलं आणि त्याही चढल्या. टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला, भाताच्या गिरणीपाशी वळला, दिसेनासा झाला. मास्तर फाटकाची फळी धरून उभे होते. मी त्यांना सावलीत चला म्हटलं. ते हलले नाहीत.

"बाई," त्यांनी विचारलं, "त्या पोरीच्या मुलीचं नाव काय ठेवलंय?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.